शिवण क्लासची वेलांटी

वेलांटीकाकांचा राग इमारतीत सगळ्यांच्या ओळखीचा होता. जिन्यातल्या फळ्यावर कुणी ‘सुचना’ असं लिहिलं, की ते खिशातला खडू काढून उकार दीर्घ करत आणि मग लिहिणाऱ्याला शोधायला निघत. त्यांचं खरं नाव विजेच्या बिलावर होतं. माणसांच्या तोंडी वेलांटीकाकाच.

आयुष्यभर त्यांनी छापखान्यात खिळे जुळवले. जुळारी म्हणत असत त्यांना. शिशाच्या खिळ्यावर अक्षर उलटं असतं, आरशात दिसावं तसं. ते खिळे एकेक करून उचलायचे, ओळीत बसवायचे, ओळींचं पान झालं की सुतळीने बांधायचं. ‘बाबांना उलटं वाचायची इतकी सवय आहे, की सरळ लिहिलेलं त्यांना संशयास्पद वाटतं,’ असं त्यांची मुलगी म्हणायची. मग छापखान्यात संगणक आला, जुळाऱ्यांना घरी पाठवलं आणि सगळं शिसं भंगारवाल्याने नेलं. अक्षरं भंगारात जातात, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही, हे काकांना शेवटपर्यंत पचलं नाही.

बायको त्याआधीच गेली होती. आता दिवसभर काका आणि वर्तमानपत्र यांचं भांडण चाले, आणि वर्तमानपत्र उत्तर देत नसल्यामुळे काकांचा राग आणखी वाढे. मुलगी त्यांच्याजवळच राहायची, औषधांच्या दुकानात कामाला होती. दिवसभर गिऱ्हाइकांच्या कुरबुरी ऐकून घरी आलं की पुन्हा वडिलांच्या. शेवटी तिने एक दुर्बीण आणली. साधी, नवशिक्यांची, पुढे भिंग आणि मागे भिंग अशी लांब नळीची.

“आकाशात निदान शुद्धलेखनाच्या चुका नसतात,” ती म्हणाली.

आकाशात नव्हत्या, पण माहितीपुस्तिकेत होत्या. पहिली संध्याकाळ काकांनी पेन्सिल घेऊन पुस्तिका दुरुस्त करण्यात घालवली. दुसऱ्या दिवशी तिपाई उभी केली. छापायच्या पानाचे खिळे असे आवळावे लागतात, की पान उचललं तरी एक अक्षर गळता कामा नये. काकांनी तिपाईचा प्लास्टिकचा स्क्रू तसाच आवळला. त्याचे आटे गेले. “हा काय स्क्रू आहे? ही थट्टा आहे,” ते म्हणाले, आणि कपाटातून सुतळी काढून त्यांनी तो पाय असा बांधला की तो पुढे कधी हलला नाही.

मग चंद्र. नळी चंद्राकडे वळवली तर आत नुसता काळोख. काकांनी दुर्बीण बनवणाऱ्यांचा उद्धार केला, विकणाऱ्यांचा केला, आणल्याबद्दल मुलीचाही थोडा केला. पुढचं झाकण काकांनी काढलंच नव्हतं. मुलीने ते काढून टेबलावर ठेवलं. त्यानंतर डोळ्याला लावायच्या भिंगांवरून वाद झाला. ज्या भिंगावर मोठा आकडा ते कमी मोठं दाखवतं, आणि सुरुवात त्यानेच करायची, हे काकांना उघडउघड फसवणूक वाटली.

त्यांना मनापासून आवडलं ते एकच काम. मोठ्या नळीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण असते, शोधक म्हणतात तिला. दोघींची नजर एकाच ठिकाणी लागत नसेल तर आकाशात बोटभर जागाही सापडत नाही. म्हणून आधी दिवसाउजेडी लांबची एखादी न हलणारी वस्तू मोठ्या नळीत धरायची आणि शोधकाचे बारीक स्क्रू फिरवून तीच वस्तू त्याच्या फुलीवर आणायची. थोडक्यात, जुळवायचं. कितीतरी दिवसांनी काकांच्या बोटांना काम मिळालं.

मैदानापलीकडच्या इमारतीत तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीवर एक पाटी होती. काकांनी ती धरली. शोधकात पाटी डोक्यावर उभी दिसत होती. मोठ्या नळीत, मागच्या कोपऱ्यात आरसा असल्यामुळे, डावीकडचं उजवीकडे गेलं होतं. दुसऱ्या कुणालाही ती वाचायला मान वाकडी करावी लागली असती. काकांनी ती सरळ वाचली. अक्षरं उलटी आहेत हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. लक्षात आली ती वेलांटी.

‘शीवण क्लास.’

शोधक जुळला, पण काकांचं डोकं फिरलं. पायात चपला घालून ते मैदान ओलांडून गेले, तीन मजले चढले आणि दारात उभे राहून शिवणबाईंना म्हणाले, “बाई, शिवणची शि पहिली. तुमची पाटी दुसरी दाखवते. मुली शिकायला येतात तुमच्याकडे.”

शिवणबाई बाहीला टाचण्या लावत होत्या. त्यांनी तोंडातली टाचणी काढली. “काका, तुम्ही राहता कुठे?”

“समोर. मैदानाच्या पलीकडे.”

“मग तिथून तुम्हाला वेलांटी कशी दिसली?”

“दुर्बिणीतून,” काका अभिमानाने म्हणाले.

बोलून ते परत आले. आपण एका बाईला, जिच्या खिडकीशी बायका मापं द्यायला उभ्या राहतात, काय सांगून आलो आहोत, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. चूक दाखवली, काम झालं. असा आरोप फक्त एक जुळारीच स्वतःवर ओढवून घेऊ शकतो.

दोन दिवसांत सगळीकडे बोभाटा झाला. वाण्याने काकांशी बोलताना दुसरीकडे पाहिलं. खालच्या मजल्यावरच्या सूनबाईंनी भर दुपारी पडदे ओढले, तेही असे, की कड्यांचा आवाज वर ऐकू यावा. आणि संध्याकाळी इमारतीचे सेक्रेटरी शिवणबाईंना घेऊन काकांच्या घरी आले.

“काका, वाढवायचं नाहीये,” सेक्रेटरी खुर्चीच्या टोकावर बसत म्हणाले. “दोन ओळी लिहून द्या. चूक झाली, पुन्हा बघणार नाही, माफी असावी. विषय संपला.”

“काय बघणार नाही?”

“तेच. समोरच्या घरात.”

काकांचा चेहरा लाल झाला. “मी समोरच्या घरात बघितलं, असं मी माझ्या हाताने लिहून देऊ? मी पाटी बघितली.”

“पाटीच्या मागे खिडकी आहे,” शिवणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, पण राग खोटा नव्हता. “माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीच्या आईने काल तिला घरी नेलं. मी तिला काय सांगू? काका वेलांटी बघत होते?”

“हो. तेच सांगा. तेच खरं आहे.”

“कुणाचा विश्वास बसेल, काका?”

काका बोलायला गेले. लोकांच्या पत्रिका, मृत्यूच्या बातम्या, कोर्टकचेऱ्यांचे कागद त्यांच्या हातून गेले होते. कोण कुणाशी लग्न करतंय हे गावाआधी त्यांना कळे, आणि त्यांच्या तोंडून ते कधी कुणाला कळलं नाही. हे सगळं त्यांना सांगायचं होतं. पण आपल्या प्रामाणिकपणाचा पाढा आपणच वाचायचा, तोही स्वतःच्या घरात, आरोपीसारखं उभं राहून, याची त्यांना इतकी चीड आली की शब्द फुटेना.

“लिहून देत नसाल तर बाई चौकीत जाणार,” सेक्रेटरी म्हणाले. “मग माझ्या हातात काही नाही.”

“बाबा लिहून देणार नाहीत,” मुलगी म्हणाली. ती दुकानातून आत्ताच आली होती, पिशवी अजून खांद्यावर होती. “आमच्या शाळेच्या परीक्षेचे पेपर बाबांच्या छापखान्यात छापायचे. मी नववीत असताना इतिहासाचा पेपर आला. मालक म्हणाले, तुमची मुलगी त्याच वर्गात आहे, दुसऱ्या कुणाला देतो. बाबा त्यांच्यावर भडकले. मी चोर आहे का, म्हणाले, आणि हट्टाने तो पेपर स्वतः जुळवला. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी घरी त्यांच्यासमोर बसून अभ्यास करत होते. मी विचारलं, बाबा, काय वाचू? म्हणाले, सगळं वाच.”

तिने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

“मी नापास झाले. वर्ष गेलं. मैत्रिणी पुढे गेल्या आणि मी त्यांच्या धाकट्या बहिणींबरोबर बसले. पेपर घरात बसला होता, माझ्यासमोर, चहा पीत.” तिचे डोळे शिवणबाईंकडे नव्हते. “मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. पण हा माणूस, बाई, दुसऱ्याच्या खिडकीत बघणार नाही. त्याने स्वतःच्या मुलीलाही बघू दिलं नाही.”

शिवणबाईंनी पदर सावरला. मग उठल्या. “माफी नको मला,” त्या म्हणाल्या. “त्या मुलीच्या आईशी मी बोलते. पडदाही लावते. तुम्ही तेवढं दुर्बिणीचं तोंड वर ठेवा.” दारात थांबून त्या म्हणाल्या, “आणि पाटी बदलायची नाहीये मला. सगळे त्याच पाटीने ओळखतात.” सेक्रेटरी त्यांच्यामागून निघाले. आता निघायला मिळतंय याचाच त्यांना आनंद झालेला दिसत होता.

काकांचं नाव राहिलं. ज्यासाठी ते दोन दिवस पेटून उठले होते ते मिळालं, आणि खुर्चीत बसताना त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळेना.

“त्या पेपरचं तुला कुणी सांगितलं?”

“आईने. निकालाच्याच दिवशी.”

“मग इतकी वर्षं बोलली नाहीस.”

“काय बोलणार? तुमचं बरोबरच होतं. तुमचं नेहमीच बरोबर असतं.” ती पिशवीतली भाजी काढून ओट्यावर ठेवू लागली.

ती पाठमोरी होती, म्हणून काकांना बोलता आलं.

“त्या संध्याकाळी तू जो धडा वाचत होतीस, त्यावर एकही प्रश्न नव्हता. मला दिसत होतं. मी सारखा पाणी प्यायला उठत होतो. दर वेळी तुझ्या मागून जाताना वाटायचं, वाकून पान उलटावं.”

मुलीचा हात भाजीवर थांबला.

“मला वाटलं,” ती म्हणाली, “उकडतंय म्हणून तुम्हाला तहान लागली असेल.”