वरकुट्याच्या भिंतीवरचं पहिलं नाव

आठवीत शाळा सोडलेला मी, वेंगुर्ल्याहून निघालो तो शाळेचीच भिंत रंगवायला. इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याच्या शाळेला शंभर वर्षं झाली होती. तिथल्या हेडबाई पूर्वी आमच्या गावात शिकवायच्या. मी रंगवलेल्या पाट्या त्यांच्या लक्षात राहिल्या, हे माझं नशीब. शंभर वर्षांत नाव काढलेल्या विद्यार्थ्यांची यादी भिंतीवर लिहायची होती. वाटभर एकच धास्ती: कुणी माझंच शिक्षण विचारलं तर?

बारामतीत रंग घेतले. रस्ते असे लख्ख, की चपला झटकून चालावंसं वाटलं. पुढे भिगवणला जेवलो. ताटात चिलापी (उजनीच्या पाण्यातला मासा) आली. आम्ही दर्याकाठचे, गोड्या पाण्यातल्या माशाला नाक मुरडणारे. वाढणाऱ्या मावशी म्हणाल्या, "आधी खावा, मग रुसा." मी दुसरी मागवली तेव्हा त्या पदराआड हसल्या.

वरकुट्यात भिंतीला पांढरा हात दिला आणि भांडण लागलं. पहिलं नाव कुणाचं?

"वरल्या आळीचा डॉक्टर वर पायजे!"

"आन् खालच्या आळीचा विंजनेर काय पायपुसण्यावर लिव्हायचा?"

"पेंटर, तुमी ब्रश लावायचा न्हाय!"

दुपार कलली. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी सकाळी. भिंत कोरी राहिली असती तर मला बोलावणाऱ्या बाईंची मान खाली गेली असती. भीत भीत त्यांना म्हणालो, "शाळेत जसे दाखल झाले, तसे लिहू या का?"

बाईंनी कपाटातून जनरल रजिस्टर (दाखल मुलांची मोठी वही) काढलं. पानं पापडासारखी. पहिलं नाव रामा ज्ञानू. दुसरीतून शाळा सोडली. कारण: गुरं राखणे. त्याचं घराणं कधीच गाव सोडून गेलेलं, त्यामुळे मान मागायला कुणी नव्हतं.

"दुसरीतनं पळालेला! त्यानं कसलं नाव काढलं?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. माझे कान तापले.

गावातले सगळ्यात म्हातारे तात्या काठी आपटून म्हणाले, "आरं, त्यो पयला येऊन बसला म्हणून शाळा भरली. न्हायतर मास्तर काय खांबाला शिकीवणार हुता? लिव्हा पेंटर. मोठं लिव्हा."

रामा पुढे असल्यावर डॉक्टर कितवा न् इंजिनियर कितवा, हे कुणी मोजलंच नाही. दिवस मावळेपर्यंत मी लिहीत होतो आणि तात्या शेजारी बसून होते.

"तुमचं शिक्षान किती, पेंटर?"

"आठवी, तात्या."

"मंजी रामाच्या सहा यत्ता म्होरं! मग घाबरता कशापायी?"

कार्यक्रम थाटात झाला. निघताना बाई म्हणाल्या, सोमवारी शाळेच्या नव्या शतकातलं पहिलं मूल दाखल होणार, ऊसतोडीला आलेल्या घरातली मुलगी. परतीच्या एसटीत मला डॉक्टर-इंजिनियर आठवले नाहीत. त्या मुलीच्या ओळीतला, शाळा का सोडली हे लिहायचा रकाना आठवत राहिला. तो भरायला बाईंना फार फार उशीर होवो.