पानाखालचा राखणदार

बाइंडर चाचांच्या दुकानातून एकटे पान कधी बाहेर पडले नाही. कोणी म्हणाले, "चाचा, एवढं एकच पान द्या, समोरून झेरॉक्स काढून आणतो," की चाचा सुईतला दोरा दातांनी तोडत म्हणायचे, "एक न्हाय पावणं. मागचं एक, पुढचं एक, तीन न्या."

"अहो, मला मधलंच पाहिजे."

"तुम्हाला मधलं पाहिजे व्हय. पण मधल्याला मागचं-पुढचं पाहिजे, त्याचं काय?"

गिऱ्हाईक वैतागायचे, पण तीन पाने घेऊन जायचे. चाचांचे खरे नाव मला पुष्कळ दिवस माहीत नव्हते. कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेच्या बोळात त्यांचे आठ फुटी दुकान होते. वकिलांचे दप्तर, शाळांची हजेरीपुस्तके, देवळातल्या पोथ्या, जीर्ण झालेले कुराण, सगळे त्यांच्या एकाच लाकडी शिकंज्यात आळीपाळीने दाबले जायचे. बोळातले लोक सांगायचे, कुराणातली अडलेली जागा विचारायला मौलवीसुद्धा चाचांकडे येतात. चाचांना हे सांगितले की ते म्हणायचे, "मौलवी बाइंडिंगला येत्यात. बसल्या-बसल्या बोलणं निघतं."

मी त्यांच्याकडे गेले ती एमएच्या प्रबंधिकेसाठी. मी कोडोली गावची, कोल्हापुरात वसतिगृहावर राहायचे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. आप्पा, म्हणजे माझे वडील, सातवीपर्यंत शिकलेले, तीन एकर उसावर आम्हा दोघा भावंडांना वाढवलेले. इतिहास विभागात सरांनी विषय निवडायला सांगितला तेव्हा मला एकच प्रश्न छळत होता. कुराणात एका ठिकाणी हात आवरा म्हटले आहे आणि दुसऱ्या ठिकाणी लढा म्हटले आहे, असे वाचले होते. मग मुसलमान समाजावर लढाईचे कर्तव्य येते तरी कधी? सत्ता असताना? नसताना? दुसऱ्यांच्या राज्यात राहताना? सर म्हणाले, "ग्रंथालयातली पुस्तकं तुला निष्कर्ष देतील. वाचायचं कसं ते शिकायचं असेल तर बाइंडर चाचांकडे जा."

माझे आडनाव ऐकून चाचांनी चष्म्यावरून पाहिले. "जैनाची पोरगी? तुमच्यात मुंगी मारत न्हाईत, आणि तू लढाईचा अभ्यास करायला आलीस?"

"मारत नाही म्हणूनच कळत नाही, चाचा."

ते खुदकन हसले. "बस मग. आधी हात धू."

पहिल्या दिवशी त्यांनी मला एक आयतही, म्हणजे कुराणातले एक वचनही सांगितले नाही. त्यांनी शिळाछापाचे एक जुने कुराण उघडले आणि पानाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. तिथे ओळीच्या बाहेर एक छोटासा शब्द होता. पान उलटले, तर नवीन पानाची सुरुवात त्याच शब्दाने झाली. पूर्वी पानांना आकडे नसायचे. म्हणून प्रत्येक पानाखाली पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहून ठेवायचे. शिलाई सुटली, पाने विखुरली, तरी कोणाच्या मागे कोण हे बाइंडरला कळावे. "ह्याला मी राखणदार म्हणतो," चाचा म्हणाले. "पान सुटलं तरी आपल्या पुढचा कोण हे विसरत न्हाई. माणूस विसरतो."

हे शहाणपण त्यांना एका चुकीतून आले होते, आणि ती चूक ते कोणालाही मोकळेपणाने सांगायचे. तरुणपणी रमजानच्या गर्दीत त्यांनी एका म्हाताऱ्या हाफिजांचे भाषांतरासह कुराण घाईने शिवले. राखणदार न बघता. पानांची एक जुडी मागेपुढे झाली. लढाईच्या आज्ञेचे पान उलटले की थेट वारसांना वाटणी कशी करायची ते लागायचे. हाफिजांना सगळे पाठ, त्यांनी ते पहिल्याच दिवशी पकडले. दुकानात येऊन ते ओरडले नाहीत. म्हणाले, "तू आता माझ्यासमोर बसून वाचायचं. शिवण्याआधी प्रत्येक पान, अर्थासकट." चाचा चार वर्षे त्यांच्यासमोर बसले. "चूक केली नसती तर अडाणीच राहिलो असतो बघ," असे म्हणताना त्यांना त्या चुकीचा जवळजवळ अभिमान वाटत असावा.

माझ्या यादीत सर्वांत वर नवव्या सूरेतली, म्हणजे अध्यायातली, पाचवी आयत होती, लढाईच्या आज्ञेची, सगळ्यांत कडक मानली जाणारी. मी ती काढायला सांगितली. चाचांनी चौथीपासून सुरुवात केली आणि सहावीवर थांबले. चौथीत सांगितले होते की ज्यांनी तुमच्याशी केलेला करार मोडला नाही त्यांच्याशी मुदत पूर्ण होईपर्यंत करार पाळा. सहावीत होते की शत्रूंपैकी कोणी आसरा मागितला तर द्या आणि त्याला सुखरूप जागी पोहोचवा. मी वहीत लिहायचे थांबले. "पाचवी खोटी न्हाय हं," चाचा म्हणाले. "गुळमुळीत करून सांगू नकोस. लढा म्हटलंय म्हणजे म्हटलंय. पण ती दोघींच्या मधी उभी हाय."

एकदा ते खळ शिजवत होते. मैद्याच्या खळीत त्यांनी चिमूटभर निळे मोरचूद टाकले आणि माझ्याकडे वळले.

"किडा लागू नये म्हणून टाकतो. म्हणजे किडं मरत्यात. चालतंय का तुमच्यात?"

मी भांड्यात डोकावले.

"आप्पा शेती करत्यात न्हवं? नांगर घालताना किडा-मुंगी मरत असंल की."

मी म्हणाले, "गृहस्थाचं व्रत वेगळं असतं चाचा, मुनींचं वेगळं. मुनी बसायची जागासुद्धा मोरपिसांनी झाडून मग बसतात. शेतकऱ्याला नांगर धरावाच लागतो. त्यानं मुद्दाम मारायचं नाही. आणि राजानं प्रजेला वाचवायला शस्त्र धरलं तर त्याचाही वेगळा विचार सांगितलाय."

चाचांनी पळी भांड्यात सोडली. "म्हणजे धर्म तोच, पण कोण कुठं उभा हाय त्यावरनं काम बदलतं."

"हो."

"मग उत्तर घरातच होतं की तुझ्या! एसटीचं तिकीट काढून इतक्या लांब कशाला आलीस?"

त्या दिवसापासून माझ्या वहीला आकार आला. चाचांनी कोऱ्या कागदांच्या तीन जुड्या माझ्यासमोर मांडल्या. पहिली मक्केची. तिथे मुसलमान थोडे, मार खाणारे, हातात सत्ता नाही. त्यांना सांगितले होते की हात आवरा, नमाज पढा. दुसरी मदिनेची. घरातून हाकलले गेल्यावर तिथे त्यांचे शहर झाले, करार झाले, रक्षणाची जबाबदारी आली. तेव्हा लढायची परवानगी मिळाली, आणि ती देताना नुसत्या मशिदींचे नाही, मठ-चर्चचेही नाव घेतले होते. पण जे तुमच्याशी लढतात त्यांच्याशीच, आणि मर्यादा सोडू नका, असे बजावून. तिसरी जुडी मला सर्वांत नवलाची वाटली. दुसरीकडच्या मुसलमानांनी मदत मागितली तर करा, पण ज्यांच्याशी तुमचा करार आहे त्यांच्याविरुद्ध नाही. भाऊ हाक मारत असतानासुद्धा दिलेला शब्द वर ठेवायचा.

मी विचारले, "मग नंतरच्या आज्ञेनं आधीची रद्द होते का?"

"काही आलिम, म्हणजे धर्मपंडित, म्हणत्यात होते. काही म्हणत्यात दोन्ही जाग्यावर हायत, जशी वेळ तशी लागू. मोठमोठ्यांचं एकमत न्हाय, तू एकमत हाय असं लिहू नकोस."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मी बाइंडर. पान फाडून टाकायचं मला शिकवलेलंच न्हाय. जिथं लागतं तिथं शिवायचं."

मग मी धीर करून विचारले, की मक्का सोडून हबशांच्या ख्रिस्ती राजाच्या आश्रयाला काही मुसलमान गेले होते, तिथे ते शांतपणे राहिले. "आज इथल्या मुसलमानांची स्थिती त्यांच्यासारखी म्हणायची का?"

चाचांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "न्हाय. ते पावणं होते. आम्ही पावणं न्हाय. आम्ही मत देतो, घरफाळा भरतो, राज्यघटना आमची बी हाय. दोघांनी मिळून दिलेला शब्द हाय तो. पावण्यानं नुसतं नीट वागायचं असतं. घरच्यानं घर सांभाळायचं असतं."

प्रबंधिकेचे पहिले वाक्य मला त्या संध्याकाळी वसतिगृहावर परतताना सुचले. 'कधी, कुठे आणि कोणाला सांगितले होते, हे विचारल्याशिवाय आज्ञेचा अर्थ लागत नाही.' सरांनी त्याखाली लाल रेघ ओढली, कौतुकाची.

आणि इतके शिकूनही मी एकटे पान बाहेर जाऊ दिले.

दुसरे प्रकरण टाइप होऊन आले तेव्हा मला राहवले नाही. आमच्या घरात कोणाचे लिखाण असे छापल्यासारखे दिसले नव्हते. हाताला आलेल्या पानाचा फोटो काढून मी धाकट्या भावाला, सुजयला पाठवला. 'बघ, तुझ्या बहिणीनं लिहिलंय.' ते पान नेमके पाचव्या आयतीपासून सुरू होत होते आणि सहावी सुरू होण्याआधी संपत होते. सुजयने अभिमानाने ते गावच्या ग्रुपवर टाकले. तिथून कोणीतरी माझे नाव कापून पुढे पाठवले.

दोन दिवसांनी आप्पांचा फोन आला. "तू काय लिहिलंयस गं? मुलाणी शेड उतरवायला लागलाय."

मुलाणीकाकांची आमच्या रस्त्याला वेल्डिंगची शेड होती. गावातल्या उसाच्या ट्रॉल्या, नांगराचे फाळ, सगळे तेच जोडायचे. चार पोरांनी मोबाइल त्यांच्यासमोर धरून सांगितले होते, "आधी ह्याचं उत्तर द्या, मग तुमच्याकडं काम." काका म्हणाले, "मला कुराण वाचता येतं बाबांनो, अर्थ येत न्हाय." कामे यायची थांबली. काका पत्रे सोडवून इचलकरंजीला जावयाकडे जायला निघाले होते. तीस वर्षांची शेड माझ्या एका पानाने उठत होती.

मी चाचांसमोर रडत बसले. त्यांनी एवढेच विचारले, "एकच पान?"

"एकच."

ते उठले, हाताची खळ धुतली. "उद्या कोडोलीची पहिली गाडी कितीला हाय?"

सकाळी दूध घालायला माणसे जमतात तेव्हा आम्ही डेअरीच्या कट्ट्यावर पोहोचलो. मला वाटले होते चाचा बोलतील. त्यांनी पिशवीतून माझी तीन पाने काढली आणि माझ्याच हातात दिली. "शिवण तुझी उसवलीय. तू घाल."

मी गावासमोर कधी उभी राहिले नव्हते. आधी सांगितले की ते पान मी लिहिलेले आहे आणि अर्धवट बाहेर गेले ही चूक माझी. मग तिन्ही पाने वाचली.  वाचून झाल्यावर मागून एक जण म्हणाला, "पण चाचा, आदेश तो आदेशच की."

"हाय की. न्हाय कुठं म्हणतोय?" चाचा म्हणाले. "कोणासाठी हाय ते आत्ता पोरीनं वाचलं. करार मोडून अंगावर आलेल्यांसाठी."

"आणि आज? आज काय करायचं असतं तुमच्यात?"

"दिलेला शब्द पाळायचा. मुलाणीवर आज तेवढंच फर्ज हाय. त्यानं तुमचं काय मोडलंय सांगा."

 मग किटली घेऊन उभे असलेले एक म्हातारे म्हणाले, "माझं कोळपं मोडलेलं, ते त्यानं जोडलंय." दोघे-तिघे हसले. सगळे हसले नाहीत. ज्याने प्रश्न विचारला तो दूध न घालताच निघून गेला. एका सकाळीत गाव बदलले असे मी म्हणणार नाही.

पण त्या दुपारी आप्पांनी ट्रॉली जुंपली आणि मुलाणीकाकांच्या शेडसमोर नेऊन लावली. अर्धे पत्रे उतरलेले होते. काका बाहेर आले. "काय बिघडलंय?"

"बघ की तूच. काहीतरी निघंल."

काकांनी ट्रॉलीभोवती एक चक्कर मारली. तिला काहीही झालेले नव्हते. मग त्यांनी यंत्र सुरू केले. पत्रे पुन्हा चढायला आठवडा लागला, आणि ते चढवायला सुजय गेला होता.

प्रबंधिकेच्या चार प्रती चाचांनी बांधल्या. नेहमीचा सरस त्यांनी वापरला नाही, तो जनावरापासून होतो म्हणून. सगळे काम खळीवर केले. ("मोरचूद घातलंय हं. तेवढं तू तुझ्या मुनींना विचार.") प्रती हातात घेतल्या तेव्हा दिसले की प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात त्यांनी शाईने, कोरीव अक्षरात, पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहिला आहे. कार्यालयातला कारकून म्हणाला, "मॅडम, हे नियमात बसत नाही." सर म्हणाले, "नियमात नाही असंही कुठं लिहिलेलं नाही." तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी सर्वांत आधी त्या शब्दांविषयीच विचारले.

पुढे मला पेठ वडगावच्या कॉलेजात नोकरी लागली. चाचांची नजर अधू झाली, सुईत दोरा ओवता येईना, तसे त्यांनी दुकान बंद केले. गेल्या वर्षी ते गेले. मी घरच्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांच्या मुलीने सांगितले, "घडी दाबायला अब्बांकडं हाडाची पट्टी होती, वडिलांच्या वेळची. तुम्ही यायला लागलात तशी कपाटात ठेवली आणि बांबूची करून घेतली." मी दोन वर्षे त्यांच्यासमोर बसले होते. ते एका शब्दाने बोलले नव्हते.

घरी येऊन मी प्रबंधिका काढली आणि शेवटच्या पानापर्यंत आले. निष्कर्ष संपला होता, पुढे पान नव्हते. त्या पानाचा कोपरा मी कधी पाहिलाच नव्हता. कुराण वाचून पुरे झाले की तिथेच न थांबता पहिल्या ओळी पुन्हा वाचायची त्यांच्यात रीत आहे, हे चाचांनी एकदा सांगितले होते. निष्कर्षाच्या खाली, कोपऱ्यात, त्यांच्या कोरीव अक्षरात माझ्या पहिल्या पानाचा पहिला शब्द होता. 'कधी'.