तीन प्रती, एक पासवर्ड

गेल्या नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी सकाळी साडेसातच्या सुमारास पट्टीकाकांना पंचवटीतल्या राहत्या घरी अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. वाचा तीन आठवड्यांनी बरीचशी परतली. लॅपटॉपचा पासवर्ड परतला नाही.

पट्टीकाका हे नाव आमच्या इमारतीने ठेवलेले. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मीटर आणि नियंत्रण यंत्रे सांभाळण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतरही शर्टाच्या खिशात काळ्या इन्सुलेशन टेपचे रीळ असे. कुणाकडे चहाला गेले आणि समोर लॅपटॉप उघडा दिसला, की बोटभर पट्टी फाडून ते आधी कॅमेऱ्यावर चिकटवत, मग कप उचलत. "आंघोळीला जाताना खिडकी लावता ना? मग?" एवढेच स्पष्टीकरण. सोसायटीने जिन्यात कॅमेरा बसवला, तेव्हा दुसऱ्या दिवशी त्यावरही पट्टी होती. बैठकीत त्यांनी ते नाकारले नाही.

माझा लॅपटॉप त्यांच्याकडे गेला, तो त्यावर नवे विंडोज चालणार नाही असे कळल्यावर. दुकानदाराने नवा घ्यायला सांगितले होते. काकांनी मागचे झाकण उघडले, रंगाच्या ब्रशने पंख्यातली धूळ काढली आणि विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकली. "मिक्सर चटणी नीट वाटतोय, आणि कंपनी निरोप पाठवते की आता बदला. बदलशील?" या कामाचे ते पैसे घेत नसत. शेवटी पासवर्ड ठरवायची वेळ आली की भिंतीकडे तोंड करून उभे राहत. स्वतःचा पासवर्ड टाकताना समोरच्यालाही तसेच उभे करत. "तोंड फिरव, पत्रकार." मी शेजारी राहून सात वर्षे झाली होती, तरी यात सूट नव्हती.

ऑनलाइन साठवणुकीच्या मासिक वर्गणीला ते भाडे म्हणत. "फोन आपला, हप्ते आपण फेडले, आणि आपलेच फोटो ठेवायला दर महिन्याला भाडं द्यायचं. वर घरमालक पाहिजे तेव्हा कपाट उघडून बघणार." गोदावरीकाठी, गंगेवरच्या बाजारात ते रोखीनेच भाजी घेत.

"काका, सुट्टे नाय. स्कॅन करा ना, सारं जग करतंय," मेथीवाली म्हणे.

"मी मेथी किती खातो ते बँकेला कशाला कळायला हवं?"

"बँकेला काय करायचीय तुमची मेथी!"

"तेच म्हणतो मी. सुट्टे नसतील तर अजून एक जुडी दे."

त्या सगळ्या जुड्या काकूंना निवडाव्या लागत. काकू सटाण्याकडच्या, चिडल्या की अहिराणीवर येत. आल्यागेल्याला सांगत, "यांना सरकारपासून लपवायचंय, कंपनीपासून लपवायचंय, शेजाऱ्यांपासून लपवायचंय. आणि लपवायला घरात काय शे? लाइट बिल!" काका हसत आणि बिल खरोखरच कपाटात ठेवत.

काकूंच्या आजारावर उपाय उरला नाही असे डॉक्टरांनी सांगितले, त्या एप्रिलमध्ये काकांनी त्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यांच्या आईकडून आलेली हळदीची गाणी. कुठे लिहिलेली नव्हती आणि माहेरी ती म्हणणारे कुणी उरले नव्हते. आवाज येऊ नये म्हणून दुपारी पंखा बंद ठेवून, खिडकी लावून हे काम चाले. पुण्याला असलेली त्यांची एकुलती मुलगी मंजू हिने ती एकदाच ऐकली, घरी आली असताना. "मध्येच आई रागावते, 'अहो, आता तरी पंखा लावा, उकडून मरते मी,' तेही तसंच ठेवलंय बाबांनी," असे तिने मला सांगितले. काकू आषाढात गेल्या.

दिवस झाल्यावर मंजूने गाणी फोनवर पाठवायला सांगितली. आमच्या घरातून बोलणे ऐकू येत होते.

"एकदा बाहेर गेलं की आपलं राहत नाही, मंजू."

"बाबा, आईचा आवाज आहे तो. कोण चोरणार आहे?"

"म्हणूनच."

महिनाभराने ते एसटीने पुण्याला गेले आणि एक डिस्क तिच्या हातात देऊन आले. वीज केंद्रातली शिस्त होती: महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती ठेवायच्या, त्यातली एक दुसऱ्या गावी. पहिली लॅपटॉपमध्ये, दुसरी नाशिकच्या कपाटात, तिसरी मंजूकडे. तिन्हींना पासवर्ड एकच होता आणि तो कागदावर नव्हता. लिहिलेला पासवर्ड म्हणजे दारालाच अडकवलेली किल्ली, असे त्यांचे मत होते. मंजूने विचारले, मग मी ऐकू कशी? "मी येईन तेव्हा उघडून देईन," ते म्हणाले. त्यानंतर त्यांचे पुण्याला जाणे झाले नाही.

झटका आला तेव्हा लॅपटॉप बंद होता. ते तो नुसता मिटून ठेवत नसत, रोज पूर्ण बंद करत; त्यामुळे सुरू करताना दर वेळी पासवर्ड लागे.

डिसेंबरपासून दर रविवारी मी त्यांच्याकडे बसू लागलो. पासवर्ड सात शब्दांचा होता, मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत, एवढे त्यांना नक्की आठवत होते. "मला पाठ नव्हताच रे. हाताला पाठ होता," ते म्हणाले. तो हात मांडीवर पडलेला असे. डाव्या हाताच्या एका बोटाने ते अक्षरे शोधत आणि मी भिंतीकडे तोंड करून उभा राही. यंत्र नकार देई आणि पुन्हा विचारी. कॉलेज रोडवरच्या डिस्क दुरुस्तीवाल्याकडे आम्ही एकदा गेलो. त्याने अर्धा तास पाहिले. "काका, डिस्क एकदम चांगली आहे. कुलूपही तुम्ही फारच चांगलं लावलंय. हे माझ्याच्यानं नाय उघडायचं." काका तोंडाच्या डाव्या बाजूने हसले.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी मी उठून भिंतीकडे वळलो, तर ते म्हणाले, "बस. तूच टाइप कर."

त्या दिवसापासून ते शब्द सांगत गेले, मी ते सात-सात जुळवून टाइप करत गेलो आणि चुकलेले वहीत लिहीत गेलो. काकूंचे माहेरचे नाव. सटाण्याच्या बोळातल्या देवळाचे नाव. लग्नाआधी काकूंना पाठवलेल्या एकमेव पत्राचा मायना. काकू त्यांना एकट्यात ज्या नावाने हाक मारत, ते नाव सांगताना ते खिडकीकडे बघत होते. पहिल्या बढतीच्या वेळी वरिष्ठांपुढे बोललेले खोटे. शब्दामागची हकीगतही ते सांगत, बहुतेक वेळा न विचारता; ती मी वहीच्या मागच्या पानांत टिपून ठेवी. मंजू तेव्हा दर पंधरा दिवसांनी येई आणि पलंगाच्या कडेला बसून ऐके.

फेब्रुवारीत एका रविवारी त्यांनी एका वाराचे नाव सांगितले. शनिवार. मी विचारले, कसला शनिवार?

"मुलगा झाला होता. मंजूच्या आधी. चार दिवस होता."

मंजू म्हणाली, "बाबा, मला कधी सांगितलं नाहीत."

"तुझी आई म्हणाली होती, कुणाला सांगायचं नाही."

सात शब्दांत शनिवार घालून पाहिला. उघडले नाही. मंजू उठून स्वयंपाकघरात गेली. तिने चहा आणला, तो तिघांनी घेतला आणि त्या दिवशी पुढचा शब्द काकांनी सांगितला नाही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्यांना दुसरा झटका आला. तिसऱ्या दिवशी रुग्णालयातच ते वारले. मंजूने घर रिकामे केले, लॅपटॉप आणि कपाटातली डिस्क पुण्याला नेली आणि माझ्या वहीतल्या शब्दांच्या पानांची झेरॉक्स मागून घेतली. रात्रीचे जेवण झाल्यावर ती रोज सात शब्दांच्या दोन-तीन नव्या जुळण्या टाकून पाहते.

परवा तिचा फोन आला. त्या बाळाचे नाव ठेवले होते का, बाबा काही बोलले होते का, असे तिने विचारले. मी वही काढून मागची, हकीगतींची पाने उघडली. त्या रविवारच्या नोंदीत 'बारसे झाले नव्हते' एवढेच आहे. ते मी तिला वाचून दाखवले.