दादाच्या मातीचा पहिला नंबर

दादाची हायब्रीड ज्वारी मी बुडवली, आणि तेही पूर्णपणे शास्त्रीय पद्धतीने.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नागपुरात शेतीसंबंधीच्या एका कचेरीत टंकलेखक होतो. शेतकऱ्यांना वाटायची सल्लापत्रकं टाइप करायची, एवढंच माझं काम. माती परीक्षणाचं पत्रक मी इतक्यांदा टाइप केलं, की आपण शेतीतले तज्ज्ञ आहोत असं मला वाटायला लागलं. (बोटं तज्ज्ञ झाली होती, हे खरं. बाकीचा मी होतो तसाच होतो.)

माझा थोरला भाऊ, दादा, खाप्याजवळच्या आमच्या गावी शेती करायचा. एका उन्हाळ्यात मी रजा काढून गेलो आणि जाहीर केलं, "दादा, या वर्षी मातीची तपासणी करू. मंग खत."

"माती तर मी रोजच पाहून राहिलो गा," दादा म्हणाला. पण लहान भाऊ नागपूरहून आलेला, म्हणून उठला बिचारा.

मी त्याला भर उन्हात शेतभर नागमोडी फिरवलं. आठ ठिकाणी वीतभर खोल खड्डे केले. मध्येमध्ये पत्रकही म्हणून दाखवलं: झाडाखालची माती घ्यायची नाही, विहिरीजवळची नाही, उकिरड्याजवळची तर मुळीच नाही. सगळी माती एकत्र केली, ढेकळं फोडली, खडे वेचले, चाळली आणि पडवीत सावलीला कागदावर पसरली. मग आत वहिनीला ऐकू जाईल असं ओरडून बजावलं, "हिला कोणी हात लावायचा नाही. सरकारी काम आहे." आणि झोपलो. दोन दिवस झोपलोच म्हणा ना, उन्हाने माझा जीव गेला होता.

तिसऱ्या दिवशी वहिनीने भरलेली पिशवी माझ्या हातात दिली. मी ती मांडीवर घेऊन बसने नागपूरला आलो आणि प्रयोगशाळेत पोचती केली.

महिन्याभराने अहवाल आला. नत्र भरपूर. स्फुरद भरपूर. पालाश भरपूर. खताची गरज नाही.

"कुठली हो ही माती?" प्रयोगशाळेतल्या माणसाने चष्मा वर करून विचारलं. "अशी माती मी नोकरीत पाहिली नाही."

"आमची वडिलोपार्जित आहे," मी म्हणालो. (तो मला काहीतरी सांगू पाहत होता, हे मला पुढे बऱ्याच महिन्यांनी कळलं.)

त्याच रविवारी अहवाल घेऊन गावी गेलो. दादाने वर्षभर साठवलेलं शेणखत शेताच्या कडेला टाकून ठेवलं होतं, चांगल्या दहा-बारा गाड्या.

"गरज नाही?" त्याने तीनदा विचारलं.

"कागदावर लिहून आहे."

दादाने ते सगळं खत शेजारच्या शामरावला देऊन टाकलं. युरियाही आणला नाही. गावात बातमी पसरली. लोक आमच्या शेतात येऊन चिमूटभर माती उचलायचे, वास घ्यायचे आणि मान हलवत जायचे. एकाने तर कपाळाला लावली.

श्रावण संपता संपता शामरावची ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेली. आमची गुडघ्याशी थांबली आणि हळदीसारखी पिवळी पडली. दादाने पत्र टाकलं, मी उत्तर टाकलं: 'धीर धर. माती उत्तम आहे.' दादाने थोडा धीर धरला. मग एक दिवस वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ज्वारीचं ताट घेऊन तो थेट कचेरीत आला आणि माझ्या टाइपरायटरवर ठेवलं. नेमके तेवढ्यात साहेब आले.

"नत्र अजिबात नाही मिळालेलं," साहेब पान चोळून म्हणाले. "खत देऊ नका असं कोणत्या गाढवानं सांगितलं यांना?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी टाइपरायटरकडे पाहिलं.

"हाय एकजण," दादा म्हणाला. "नागपूरलेच राहते."

पुन्हा रजा काढली, पुन्हा गावी. पुन्हा आठ खड्डे, पुन्हा पडवीत कागद. मी माती पसरत होतो तेव्हा वहिनी दारात उभी होती. सगळं नीट पाहून म्हणाली, "भाऊजी, या वेळेस निवांत वाळवा. मले चूल नाही लिंपायची."

माझा हात थांबला. "म्हणजे?"

"मागच्या वेळेस चूल फुटली होती. मले वाटलं, इतकी चाळून, खडे वेचून ठेवली, म्हणजे भाऊजीनं माह्यासाठीच आणली. तुम्ही सरकारी काम म्हणत होते तवा मी विहिरीवर होती. मंग यायनं सांगतलं, नागपूरले न्यायची हाय म्हणून. तुम्ही झोपून होते. मी दुसरी भरून ठेवली."

"कुठली भरली?"

"गोठ्यामागं उकिरड्यापासची. भुसभुशीत हाय न तिथं. म्या पण चाळली होती बरं, तुमच्यासारखी."

दादा खांबाला टेकून बसला होता. तो कोणावरच रागावला नाही. नुसता उठला, खाप्याला गेला आणि युरियाचं पोतं घेऊन आला. एक बरा पाऊस झाल्यावर ते दिलं. अर्धीमुर्धी कणसं भरली. त्या हिवाळ्यात घरात भाकरी जपून झाल्या, आणि मी गावी गेलो की वहिनी पहिली मलाच वाढायची. दुसरी मी मागत नसे.

दुसऱ्या पिशवीचा अहवाल साधाच आला. पुढच्या वर्षी दादाने त्याप्रमाणे शेणखत टाकलं, युरिया दोन हप्त्यांत दिला आणि ज्वारी शामरावच्या तोडीची झाली. तेव्हापासून मी गावाहून निघालो की बसपर्यंत लोक आपापल्या पिशव्या घेऊन यायचे. सहा-सहा पिशव्या मांडीवर, पायाशी, काखेत. कंडक्टर मला मातीवाले म्हणायचा.

एकदा एका म्हातारीने पिशवी दिली तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "आजी, कुठून घेतली माती? कशी घ्यायची ते सांगू काय?"

"तुम्ही फक्त पोचवा, भाऊ," म्हातारी म्हणाली. "तुमच्या वहिनीनं शिकवलं आमाले सारं."