चूलबंद आवतन

त्या वर्षी माझा मारुतीवरचा विश्वास उडाला होता, असे आमच्या गावात आजही सांगितले जाते. हे साफ खोटे आहे. माझा विश्वास गावावरून उडाला होता. मारुतीशी माझे काहीही भांडण नव्हते. त्या शनिवारच्या कथा आता जितकी तोंडे तितक्या झाल्या आहेत, आणि ज्यांची तोंडे त्या दिवशी रोडग्यांनी भरलेली होती त्यांनीच त्या सर्वाधिक रंगवल्या आहेत. कोणी त्याला चमत्कार म्हणतो, कोणी माझी फजिती म्हणतो. दोन्ही पक्षांना मी वेळोवेळी तोंडी उत्तरे दिली आहेत. त्यांचा उपयोग होत नाही असे दिसल्यावरून हे लेखी देत आहे.

आमचे गाव आर्णीच्या अलीकडे, रस्त्याला लागून. माघातल्या एका शनिवारी मारुतीपुढे रोडगे करण्याची आमची जुनी रीत आहे. जाड कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडून तुपात भिजवायचे, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. पंगतीतून कोणी उपाशी परतायचे नाही ही अट माझ्या वडिलांनी घातली, आणि त्यांच्या माघारी मी सांभाळली. परंतु ती वर्षे कापसाची वाईट वर्षे होती. एक हंगाम अळीने नेला, दुसरा पावसाने, आणि जो हाती आला तो भावाने. गावातले निम्मे पुरुष बैलगाड्या घेऊन खरेदी केंद्राच्या फाटकापुढे रांगेत मुक्काम ठोकून होते. जे घरी होते ते एकमेकांच्या ओट्यावर बसेनासे झाले होते. ज्याच्या घरी काय शिजते हे त्याने सांगू नये आणि दुसऱ्याने विचारू नये, असा एक अलिखित करारच गावात झाला होता.

देवळातल्या बैठकीत दौलतने तोंड उघडले. दौलत माझा लहानपणापासूनचा सोबती, आणि तितक्याच वर्षांचा विरोधक. तो म्हणाला, "औंदा एक नारळ फोडा अन् हात जोडा. रोडगे करासाठी हाये काय कोणाच्या घरी?"

मी म्हणालो, "माह्या घरी हाये. मी करतो. तू फक्त खायाले ये."

"मी पायरी नाई चढत तुया पंगतीची. तू अन् तुया मारुती, दोघं बसून खा!"

"मीबी तुया दारात पाय नाई ठेवत, दौलत," मी म्हणालो. आणि बैठक संपली. दौलतच्या सांगण्याप्रमाणे मी हे ओरडून म्हणालो. मी ते स्पष्ट आवाजात म्हणालो.

घरी येऊन मी गहू आणि डाळ काढली. घरटी एक माणूस धरला तर पुरेल, असा हिशेब होता. राबायला माणसे मात्र नव्हती. बाया कापसाच्या शेवटच्या वेचणीला जात होत्या. तेव्हा माझी नात मुक्ता, वय वर्षे आठ, गल्लीतली सगळी पोरे घेऊन दारात उभी राहिली. "आबाजी, आमी करतो ना सेवा!" लेकरांना देवाच्या कामात घालू नये, असे माझे तोवरचे ठाम मत होते. लेकरे काम करत नाहीत, कामाशी खेळतात. आणि देवाचे काम हा खेळ नव्हे. हे मी त्यांना समजावून सांगितले. सांगून होईस्तोवर त्यांनी झाडू वाटून घेतले होते.

शुक्रवारी त्यांनी देऊळ झाडले. निम्मी धूळ बाहेर गेली, उरलेली मुलांवर बसली. मारुतीला तेलशेंदूर लावायला सांगितला, तर त्यांनी तो इतक्या मनापासून लावला की देवाचा एक डोळा मला पुन्हा शोधून काढावा लागला. उरलेला शेंदूर वाया जाऊ नये म्हणून त्यांनी रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगडही रंगवला आणि त्याला रुईची माळ घातली. मी रागावलो हे खरे. मी काठी फेकली हे मात्र खोटे; ती हातातून सुटली.

शनिवारी सकाळी देवळातूनच मी मुक्ताला आवतन द्यायला पाठवले. आमच्याकडे आवतनाचे प्रकार आहेत. घरटी एकाचे आवतन म्हणजे घरातून एक जण जेवायला येतो. चूलबंद आवतन म्हणजे अख्खे घर येते, आणि ते स्वीकारले की त्या वेळेपुरती घरची चूल विझवावी लागते. पेटती ठेवणे हा बोलावणाऱ्याचा अपमान. तिला मी नीट बजावले, घरटी एक. ती परत आली तेव्हा तिच्यामागची पोरे विजयी सैन्यासारखी चालत होती.

"देल्लं का आवतन?"

"हाओ आबाजी. समद्याईले. तांड्यावरबी, अन् बुद्धविहाराकडच्या घराईलेबी. चूलबंद!"

मी खाली बसलो. "चूलबंद? मी काय सांगतलं होतं तुले?"

"घरटी एक," ती म्हणाली. मग तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू समजायला कठीण अशी गोष्ट एका लहान मुलाला सांगायची आहे. "पण आबाजी, आमच्या वर्गातल्या पिंकीच्या घरून एक जण आला, तं पिंकी काय खाईन? त्याईची चूल तं कालपासूनच बंद हाये."

गावाने एकमेकांपासून जे लपवले होते ते लेकरांना शाळेच्या पटांगणावर केव्हाच ठाऊक झाले होते. मी उठून गाभाऱ्यात गेलो. मी तेथे लपलो होतो अशी एक कथा आहे. मी समईची वात सारखी करत होतो. वात सारखी करायला मला जरा वेळ लागला, आणि त्या वेळात मी मारुतीला एवढेच म्हणालो, की आजवर तुझ्या नावाने कोणी उपाशी गेले नाही. आज अख्खे गाव चुली विझवून येत आहे, आणि माझ्याकडे आहे ते त्याच्या पाव हिश्शालाही पुरणार नाही. लाज तुझी की माझी, ते तू ठरव. देवाशी याहून नम्रपणे बोलणे मला तेव्हा येत नव्हते.

बाहेर आलो तर पटांगणात बाया उभ्या होत्या. प्रत्येकीच्या डोक्यावर परात, तीवर ओले फडके. सर्वांत पुढे तांड्यावरची शांताबाई. "काकाजी, पोट्टे आले तवा कणिक मयून झाल्ती. चूल तं इझवून टाकली, आता हे कुठं भाजू मी? तुमच्या मारुतीच्या डोक्यावर?" घरोघर तेच झाले होते. मुलांचे आवतन चूलबंदाच्या रीतीप्रमाणे आदल्या दिवशी न जाता ऐन कणिक मळण्याच्या वेळी गेले होते. आणि चूल विझवल्यावर मळलेले पीठ टाकून देईल अशी बाई आमच्या भागात जन्मायची आहे. ज्या घरातून पीठ येऊ शकले नाही त्या घरातल्या बाया गोवऱ्या घेऊन आल्या, कोणी मिरच्या, कोणी नुसते दोन हात. गव्हाच्या कणकेचे रोडगे वळले. ज्वारीचे पीठ रोडग्याला चालत नाही, म्हणून मुलांनी पळसाची पाने आणली आणि त्या पिठाचे पानगे थापले. बौद्ध वस्तीतली मंडळी देवळात आली नाहीत, कडुनिंबाखाली बसली. ते योग्यच होते. आवतन मारुतीचे नव्हते, लेकरांचे होते.

भाजीची वांगी मात्र अपुरीच होती. तेवढ्यात रस्त्यावर एक टेम्पो थांबला. टेम्पोत साक्षात मारुती होता, असे माझी पत्नी सांगते. टेम्पोत बाभुळगावचा एक माणूस होता आणि तो बिडी ओढत होता. टेम्पो बिघडला होता असेही सांगतात. तो उत्तम चालू होता. तो थांबला किलोमीटरच्या दगडाला नमस्कार करायला. शेंदूर दिसला की हात जोडायचा, ही त्याची सवय. हात जोडून होतात न होतात तोच मुलांनी त्याला घेरले. "काका, तुमालेबी चूलबंद आवतन!"

"माह्याकडं चूल कुठं हाये बाप्पा?"

"मंग बिडी बंद करा!"

तो हसत सुटला. त्याच्या टेम्पोत बाजारात कोणी न विचारलेली वांगी होती, आणि ती तो कोठेतरी ढोरांपुढे टाकायला निघाला होता. पोती उतरवून तो भाजी चिरायला बसला. या प्रसंगाला काय नाव द्यावे याचा निर्णय मी वाचकांवर सोडतो. माझ्यापुरते म्हणाल, तर ज्या दगडासाठी मी काठी सोडली होती, त्याला त्या दिवशी मी मनातल्या मनात हात जोडले.

पंगती उठत गेल्या. वाढायला मुले. पाणी निम्मे द्रोणात, निम्मे जेवणाऱ्याच्या मांडीवर. लोक आधी खाली मान घालून बसले. मग शेजारच्याच्या पानात काळा, वेडावाकडा पानगा दिसला की तो कोणत्या घरचा यावर वाद सुरू झाले, आणि वाद सुरू झाले म्हणजे आमचे गाव बरे झाले असे समजावे. शेवटच्या पंगतीला मुक्ताने येऊन माझे धोतर ओढले.

"आबाजी, दौलतबाबाच्या घरच्या काकू जेवल्या. दौलतबाबा नाई आले. त्याईची चूलबी बंद हाये. मी सोता पाह्यलं."

म्हणजे माझ्या पंगतीतून आज एक माणूस उपाशी राहणार होता, आणि तो कोण असावा! मी म्हणालो, तू जा, बोलाव. ती म्हणाली, "मी जाऊन आली. ते म्हनते, तुया आबाजीले काय पाय नाई का?"

वडिलांची अट एकीकडे, आणि भर बैठकीत काढलेला माझा शब्द दुसरीकडे. मी मारुतीकडे पाहिले. शेंदराने त्याचा चेहरा असा काही झाला होता की त्यावरून कोणताही अर्थ काढता येत नव्हता. मी चपला घातल्या.

मी माफी मागितली, असे दौलत सांगतो. जे बोलणे झाले ते असे.

"काय बे दौलत, बसून काय राह्यला?"

"मंग नाचू? तुयी नात चूल इझवून गेली माही."

"चाल. पंगत खोळंबली."

"मारुतीनं धाडलं का तुले?"

वाद घालायला माझ्याकडे पुष्कळ होते. ते सारे मी गिळले. "नाई. मुक्तानं धाडलं."

"मंग येतो," दौलत म्हणाला. "तुया मारुतीले नाई म्हणता येते. लेकराच्या आवतनाले कसं म्हणू?" तो उठला तेव्हा चपला त्याच्या पायातच होत्या. त्या त्याने केव्हापासून घातल्या होत्या हे मी विचारले नाही. माझ्या आयुष्यात मी न विचारलेला तो पहिला प्रश्न असेल.

मुलांनी आम्हा दोघांना शेजारीशेजारी बसवले. मी पळी मागितली. मला पत्रावळ मिळाली. इतकी वर्षे मी देवापुढे भरल्या हाताने उभा राहिलो होतो आणि त्यालाच भक्ती समजत होतो. रिकामे पान पुढे घेऊन, कोण काय वाढेल याची वाट पाहत बसणे हे त्याहून अवघड आहे, हे मला उतारवयात कळले. ज्याने कळवले त्याच्या चरणी, आणि ज्या चिमुकल्या हातांकरवी कळवले त्यांच्यापुढे, मी आज पुन्हा नतमस्तक आहे.

दौलत सांगतो, की त्या पंगतीत मी त्याच्यापेक्षा जास्त रोडगे खाल्ले. ही त्याची शेवटची थाप, आणि तिचे उत्तर देऊन मी लेखणी ठेवतो. मी मागितला एकच. पण वाढणारी मुले होती, आणि वाढताना हात आखडता घ्यायला त्यांना अजून कोणी शिकवले नव्हते.