वार्निश लावलेला पिंजरा

वेताच्या खुर्च्या विणण्यात वेतकाकांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे सांगायला काका दुसऱ्या कुणाची वाट बघत बसत नसत. चाळीस वर्षं त्यांनी सहा कोनांचंच भोक विणलं. कुणाच्या कामात पाच कोनांचं दिसलं की म्हणायचे, "हे विणलंय की उंदरानं कुरतडलंय?"

अशा माणसाच्या घरात सून आली ती जीवशास्त्राची मास्तरीण. कॉलेजात हंगामी. कायम व्हायचं तर तपासणी समितीसमोर एक तास शिकवून दाखवायचा, त्यावरच सगळं. तिनं विषय घेतला, पेशी बाहेरचा माल आत कसा ओढते. "बाबा, एक पिंजरा करून द्याल?" असं तिनं विचारायचा अवकाश, काकांनी बाह्या सरसावल्या.

ती समजावू लागली. पेशीच्या पातळ कातडीला बाहेरून कोलेस्टेरॉलचे कण चिकटतात. आतल्या अंगाला तीन-तीन पायांची प्रथिनं जमतात आणि एकमेकांचे पाय धरून जाळी करतात. कातडी आत खचते, तिची पिशवी होते आणि मालासकट तुटून आत येते. पिशवीभोवती तो जाळीचा पिंजरा. पुढं ती आणखी काही सांगत होती, पण काका तोवर वेत भिजत घालायला उठले होते.

तीन पायांचे तुकडे झाले, दोऱ्यानं जोडले, सगळी भोकं सहा कोनांची, आखल्यासारखी. पण जाळी काही केल्या वळेना. काकांनी ती गुडघ्याखाली दाबली, तर उसळून काकूंच्या चष्म्यावर आदळली. काकू चष्मा चाचपत म्हणाल्या, "तिनं गोल मागितलं होतं. तुम्ही खुर्चीच केलीत."

"मध्ये बारा भोकं पाच कोनांची घाला, बाबा," सून म्हणाली. "त्याशिवाय गोल मिटत नाही. पेशीतही तसंच असतं."

काकांनी दोन दिवस सहा कोनांचीच जाळी वाकवून बघितली. तिसऱ्या दिवशी, गिऱ्हाइकांनी बघू नये म्हणून दार लावून, त्यांनी बारा भोकं घातली. आत पिशवी म्हणून गोट्या भरलेला फुगा ठेवून पिंजरा मिटला. काकांना तो इतका आवडला की त्यांनी कुणाला न विचारता प्रत्येक सांध्यावर सरस थापला आणि वर वार्निशचे तीन हात दिले.

तपासणीच्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या बाकावर बसले, कौतुक ऐकायला. समितीच्या दोघी बाई माना डोलवत होत्या. सून म्हणाली, "पिशवी आत आली की हा पिंजरा लगेच सुटतो," आणि पिंजरा सोडवायला सांध्यांचा दोरा ओढला. पिंजरा हलला नाही. तिनं तो गुडघ्यात धरून ओढला. "लगेच सुटतो," ती पुन्हा म्हणाली. एका बाईंनी घड्याळ बघितलं.

काका बाकावरून उठले. ते खिशातली सुरी काढत पुढं गेले. "वार्निश माझं," त्यांनी समितीला सांगितलं, आणि एकेक सांधा कापू लागले. डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यांनी ते लपवलंही नाही.

"इतका सुंदर पिंजरा, तसाच ठेवला तर?" थोरल्या बाईंनी विचारलं.

सून बोलणार तोच काका म्हणाले, "मग आतला माल घरात मिसळायचा कसा? ओझं आणलं की गाठोडं सोडावंच लागतं, बाई."

"आणि सुटलेले तुकडे पेशी परत वापरते," सून घाईघाईनं म्हणाली. शेवटचा सांधा सुटला. फुगा शाबूत. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.

एवढ्यात दार उघडून समितीचे अध्यक्ष आले. "उशीर झाला खरा, पण माझ्या सहीशिवाय निकाल नाही. पहिल्यापासून दाखवा."

जमिनीवर नुसता वेताचा पसारा. सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. काकांनी फतकल मारली, तीन पायांचे तुकडे पुढ्यात ओढले, दोरा मागून घेतला. पहिली गाठ मारायला गेले आणि थांबले. विणकामातलं त्यांनी आजवर कुणाला काही विचारलं नव्हतं.

"सूनबाई," ते म्हणाले, "सुटणारी गाठ कशी मारतात, ते मला येत नाही. दाखव."

ती साडी सावरून त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली.