पळसाच्या पानातले झिंगे

गडचिरोलीच्या बाजारात सुक्या झिंग्यांचा वास आला की मी अजूनही मान खाली घालून पुढे निघतो.

वीस-बावीस वर्षं झाली. तिथल्याच एका गावात लहान मुलांच्या तापावर माझं संशोधन चालू होतं. तुलनेसाठी निरोगी मुलांचंही रक्त हवं होतं, आणि ते द्यायला गावातली एकही आई तयार होईना. अशात तलावावर मासे धरणारी एक बाई चार वर्षांच्या पोरीला कडेवर घेऊन मी नमुने घ्यायला बसायचो त्या शाळेच्या वऱ्हांड्यात आली. तिच्या थोरलीला ताप होता, तेव्हा आठवड्यापूर्वी मीच तिचं रक्त घेतलं होतं.

"तुमी रक्त काढलं अन् मोठीचा ताप उतरला, डाक्टरसाहेब. आता हिचंबी काढून टाका. हिले ताप येऊच नये."

ताप मी दिलेल्या गोळ्यांनी उतरला होता. एवढंच सांगायला हवं होतं. पण मला एक नमुना कमी पडत होता. वाटलं, नशीबच चालून आलं. फॉर्मवर 'आईला उद्देश समजावून सांगितला' या ओळीपुढे मी खूण केली आणि तिचा अंगठा घेतला.

सुई पाहून पोर किंचाळली. आईनं तिला मांडीत दाबून धरलं.

"रडू नोको माय, डाक्टर आपल्या भल्याचंच करून राह्यले."

मग खात्रीसाठी तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

जाताना तिनं पळसाच्या पानात बांधलेले सुके झिंगे माझ्या हातावर ठेवले. घरी त्यांची चटणी झाली. मी दोनदा मागून घेतली.